अपमान विषयामुळे होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कामावरच्या माणसांना वाचन-हिशेब आणि माणसांशी वागणंही शिकवावं, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. कामाला लागलेल्या माणसाला पुन्हा वाचन-हिशेब शिकवणं हा त्याचा अपमान आहे, हा पहिला. माणसांशी वागणं हा स्वभाव असतो, तो वर्गात शिकवता येत नाही, हा दुसरा. म्हणून थेट कामाचं तंत्र शिकवावं, असं तुमचं म्हणणं.

अपमान होतो, हे खरं. पण तो विषयामुळे नाही, समोर ठेवलेल्या साहित्यामुळे होतो. चाळिशीतल्या माणसापुढे लहान मुलांचं पुस्तक ठेवलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्याच कामातला कागद घ्या: डब्यावरची सूचना, साठ्याची नोंदवही, पाळ्यांचा तक्ता.

डब्यावर १:४ लिहिलेलं असतं. एक भाग द्रावण, चार भाग पाणी. म्हणजे १० लिटर मिश्रणाला २ लिटर द्रावण. ‘एक चतुर्थांश’ असं वाचणारा अडीच लिटर ओततो. त्याला भागाकार उत्तम येतो. एकूण भाग पाच आहेत, हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. अशा माणसाकडून पाढे घोटून घेणं हा खरा अपमान. गणित-शिक्षणाच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासक ॲन न्यूमन यांनी १९७७ मध्ये शाब्दिक गणितातली चूक शोधायचे पाच टप्पे मांडले: वाचता आलं का, अर्थ कळला का, कोणती क्रिया करायची ते ठरवता आलं का, ती क्रिया जमली का, उत्तर नीट लिहिलं का. माणूस पहिल्यांदा जिथे अडखळतो, तेवढंच शिकवायचं. त्यामुळे शिकवायचं काम बहुतेकदा बरंच कमी होतं.

आता तंत्राबद्दल. १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७ चं इंधन उड्डाणात संपलं. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचं वजन काढताना ०.८ ऐवजी १.७७ ने गुणलं गेलं. तो आकडा लिटरमागच्या पौंडांचा होता, किलोंचा नव्हे. निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं. सुदैवाने वैमानिकांनी ते इंजिनांशिवाय तरंगत उतरवलं आणि कोणी दगावलं नाही. हिशेब एकाहून अधिक जाणत्या माणसांच्या हातून गेला होता. तंत्र सगळ्यांना येत होतं. ‘हा १.७७ कशाचा?’ हा प्रश्न मात्र कोणी वेळेवर विचारला नाही.

इथेच तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर आहे. स्वभाव बदलायचा नाहीच. ठरावीक वेळी ठरावीक वाक्य बोलायची सवय लावायची आहे, आणि अबोल माणसालाही ती लागते. ‘समजलं का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ असंच येतं, कारण ‘नाही’ म्हणण्यात कमीपणा वाटतो. त्याऐवजी ‘मी काही सांगायचं राहून गेलं का ते बघू; आधी काय करणार, सांगा’ असं म्हणावं. ऐकणाऱ्याने आकडा एककासह परत बोलून दाखवायचा आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणायचं. हे शेवटचं ‘बरोबर’ गळलं की सगळी पद्धत पोकळ होते, आणि गळतं तेच.

चूक दाखवतानाही तसंच. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ यावर माणूस स्वतःचा बचाव करतो. ‘तीन नोंदींत एकक नाही, त्यामुळे पुढच्या पाळीला पुन्हा मोजावं लागलं, काय अडलं होतं?’ यावर तो कारण सांगतो.

दोन दिवसांच्या कार्यशाळेतून काही हाती लागत नाही, हे तुमचं वाक्य मात्र मला पूर्ण पटतं. वीस-वीस मिनिटांच्या बैठका आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे घ्याव्यात. प्रत्येक वेळी आधी वही मिटून मागचं आठवून लिहायचं, कारण नुसतं पुन्हा वाचल्यावर ओळखीचं वाटतं आणि ‘येतंय’ असा भ्रम होतो. पहिला आठवडाभर सूचना परत बोलून दाखवणं सगळ्यांनाच अवघड वाटतं; तेव्हा सुरुवात पर्यवेक्षकाने स्वतःपासून करावी, हाताखालच्या माणसाने दिलेला आकडा त्याने आधी परत बोलून दाखवावा.