नजर काचेवर असू द्या

स्थानिक वृत्तवाहिनीवर अँकर व्हायचं तुम्ही ठरवलंय, हे ऐकून बरं वाटलं. आवाज भारदस्त आहे, चेहरा बरा आहे, न आणि ण यांतला फरकही कळतो (हे फार कुणाला सांगू नका, घमेंडखोर म्हणतील). शिवाय रोज चार वर्तमानपत्रं वाचता म्हणे. ती सवय सुटेल हळूहळू, काळजी करू नका.

स्टुडिओत गेल्यावर आधी ती काच बघून घ्या. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत तिरकी बसवलेली असते. खालच्या पडद्यावरची अक्षरं तिच्यात उमटतात आणि मागचा कॅमेरा त्याच काचेतून आरपार तुम्हाला बघतो. तुम्ही काच वाचता, घरी बसलेल्या माणसाला वाटतं की हा माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलतोय. तुमची सगळी विश्वासार्हता त्या काचेच्या जाडीएवढी आहे, तेव्हा तिला बोटं लावू नका. हा प्रॉम्प्टर, म्हणजे वाचायच्या ओळी डोळ्यांपुढे सरकवणारं यंत्र, १९५०च्या सुमारास अमेरिकेत निघाला तो टीव्हीवर संवाद विसरणाऱ्या नटांसाठी. तेव्हा काच नव्हती, नुसती फिरणारी कागदाची गुंडाळी होती. बातम्यांच्या टेबलापर्यंत तो नंतर पोचला. आपलं घराणं कुठलं, हे त्यावरून ओळखा.

म्हणूनच संपादकाशी नाही पटलं तरी चालेल, पण प्रॉम्प्टर चालवणाऱ्या पोराशी जमवून घ्या. त्याचं बोट अडखळलं की तुमची बुद्धी अडखळते. मी काही काळ पडद्यामागे बसून कॉपी, म्हणजे बातम्यांचा मजकूर, लिहायचो. एकदा निधनाच्या बातमीत ‘अत्यंत दुःखद’ एवढ्यावर ओळ अडकली, पुढे सरकेचना. समोरचे अँकर मुरलेले होते. त्यांनी मान खाली घातली आणि पाच सेकंद तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांचे फोन आले, की यांना किती लागलं हो मनाला! ते पाच सेकंद मी कंट्रोल रूममध्ये ऐकलेत. तिथे जे शब्द चालले होते ते इथे छापता येणार नाहीत.

ते शब्द त्या अँकरनाही ऐकू येत होते, कारण कानात टॉकबॅक असतो, म्हणजे कंट्रोल रूममधलं बोलणं ऐकवणारं यंत्र. तोंडाने तुम्ही पुराचं पाणी किती चढलं ते सांगत असता आणि कानात ‘खेच, खेच, ओबी (म्हणजे बाहेरून थेट चित्र पाठवणारी गाडी) लागत नाहीये’, ‘पाहुणे फोन उचलेनात’, ‘कॅमेरा दोन, उजवीकडे बघ, अरे तुझ्या उजवीकडे’ असं चालू असतं. या दोन्ही गोष्टी चेहऱ्यावर दिसू न देणं म्हणजे अँकरिंग. संसाराचा अनुभव असेल तर जड जाणार नाही.

आता भाषा. इथे जरा मेहनत आहे, कारण आजवर शिकलेलं मराठी विसरायचंय. बातमी ‘आली’ असं म्हणायचं नाही, बातमी ‘समोर येतेय’. ती नेहमी मोठी असते, आणि दर अर्ध्या तासाने ‘आत्ताची सर्वात मोठी’ होते. मध्यम आकाराची बातमी तुमच्या हयातीत येणार नाही. जे कुणालाच नक्की ठाऊक नाही त्याच्यापुढे ‘नेमकं’ लावायचं: नेमकं काय घडलं, नेमकं कारण काय, नेमकी परिस्थिती कशी आहे. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ म्हणजे आमच्या बातमीदाराला कुणीतरी फॉरवर्ड केलंय. कुणी केलं ते सांगायचं नसेल तर ‘करण्यात आलं’. अतिक्रमण करण्यात येतं, ते हटवण्यात येतं, पुन्हा करण्यात येतं. पूर्ण बुलेटिनमध्ये कर्ता सापडत नाही, आणि पुढे पोलिसांनाही सापडत नाही.

थेट प्रक्षेपणाचा एक विधीच असतो, तो पाठ करा. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या प्रतिनिधीला विचारायचं, ‘काय वातावरण आहे तिथे?’ तो चार सेकंद तुमच्याकडे शून्य नजरेने बघेल. घाबरू नका, आवाज पोचायला वेळ लागतो. मग तो म्हणेल, ‘निश्चितच,’ आणि तुमचाच प्रश्न सावकाश परत सांगून शेवटी म्हणेल की अद्याप निश्चित माहिती मिळालेली नाही. यावर तुम्ही गंभीरपणे मान हलवायची: ‘धन्यवाद, या सविस्तर माहितीबद्दल.’ ज्याचं घर वाहून गेलं त्याला ‘काय सांगाल?’ एवढंच विचारा. हा प्रश्न कधी चुकत नाही, कारण तो प्रश्नच नाही.

चेहऱ्याचं एक काम राहिलं. अपघाताची बातमी संपते आणि पुढची असते प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या बछड्याची. मध्ये मिळतो एक श्वास. त्यात कपाळावरची आठी उतरवून गालावर हसू चढवायचं. आरशापुढे सराव करा. नंतर घरीही ते आपोआप होऊ लागतं आणि बायकामुलं दचकतात.

कपड्यांचं विचारलंत. तुम्ही पुरुष असाल तर काही करू नका. ऑस्ट्रेलियात कार्ल स्टेफानोविक नावाचा सकाळचा सूत्रसंचालक जवळपास वर्षभर एकच निळा सूट घालून बसत होता. २०१४ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं तेव्हा जगाला कळलं. शेजारच्या सहकारी बाईंच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षक नियमित अभिप्राय पाठवायचे, हेच त्याला दाखवायचं होतं. तुम्ही स्त्री असाल तर कपड्यांपाशी भागणार नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या टीव्ही स्टेशनने १९८१ मध्ये क्रिस्टीन क्राफ्टला अँकरच्या खुर्चीवरून उठवलं. तिचं म्हणणं असं, की वय जास्त, रूप कमी आणि पुरुषांशी पुरेशी नमून वागत नाही, असं तिला सांगण्यात आलं. (बघा, इथेही ‘सांगण्यात आलं’.) तेव्हा तिने चाळिशीही गाठली नव्हती. ती कोर्टात गेली. ज्यूरीने दोनदा तिच्या बाजूने कौल दिला आणि अपिलात ती हरली. शेजारी बसणाऱ्या पुरुष अँकरचे केस पिकले की त्याला अनुभवी म्हणतात, एवढं लक्षात असू द्या.

स्वतःची मतं असतील तर ती घरी ठेवा, मालकाची स्टुडिओत मिळतील. २०१८ मध्ये सिंक्लेअर कंपनीच्या अमेरिकेतल्या कितीतरी स्थानिक स्टेशनांवर अँकरांनी एकच मजकूर वाचला. काही माध्यमं खोट्या आणि एकतर्फी बातम्या पसरवतात, हे लोकशाहीला अत्यंत धोकादायक आहे, असा त्याचा आशय. वाचताना प्रत्येकाचा चेहरा असा, की जणू आदल्या रात्री झोप न लागल्याने स्वतःच लिहून काढलाय. मग कुणीतरी ते सगळे चेहरे एका व्हिडिओत शेजारी शेजारी लावले, आणि डझनावारी तोंडांतून तीच वाक्यं एका सुरात बाहेर पडली. काचेचा दोष म्हणावा तर काच चोख काम करत होती.

एक गोष्ट मात्र चेष्टेची नाही. कधीतरी रात्री खरंच काहीतरी घडतं. प्रॉम्प्टर कोरा असतो, कानात कुणीच बोलत नाही, आणि लोक घाबरून टीव्हीपुढे बसलेले असतात. कुठला रस्ता बंद आहे, कुठे जायचं नाही, काय अजून माहीत नाही, एवढंच तीन-चार तास न घाबरता, काही न रचता सांगत राहणारे अँकर मी पाहिलेत. त्या रात्रीचा टीआरपी चांगला आला तर पुढच्या वेळी तिथे पाच पाहुण्यांची चर्चा ठेवतात.

प्रसिद्धी मिळेल, भरपूर मिळेल, पण प्रक्षेपणाच्या टप्प्यापुरती. त्या टप्प्याच्या आत उद्घाटनं, बक्षीस समारंभ आणि ‘प्रत्यक्षात बारीक दिसता हो’. त्याच्या बाहेर एक मैल गेलात की रांगेत उभं राहायचं.

आणि नोकरीचा भरवसा धरू नका. २०२३ मध्ये ओडिशाच्या ओटीव्हीने लिसा नावाची अँकर पडद्यावर आणली. साडी नेसलेली, बातम्या वाचणारी, संगणकाने घडवलेली. लिसाला काच लागत नाही, टॉकबॅक लागत नाही, रजा लागत नाही, आणि तिचं वय वाढत नाही. क्राफ्टबाईंवरचे निदान दोन आक्षेप तिथे मुळातच निकालात निघाले.

तुमचा करार कधीतरी संपेल. पुष्कळदा निरोपाचं बुलेटिन देतच नाहीत. जाता जाता हा काय बोलेल, याची धास्ती असते. पण तुम्ही आयुष्यभर दिलेलंच वाचत आलात म्हणून तुमच्यावर विश्वास टाकतील. शेवटच्या दिवशी दोन मिनिटं मिळतील. इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल आभार, डोळे पाणावले आहेत, असं सगळं छान लिहून काचेवर येईल. तुम्ही ते वाचालच. फक्त मेकअपला बसण्याआधी मजकूर एकदा नजरेखालून घाला, गेल्या वेळच्या अँकरचं नाव बदललंय का ते बघायला.