डोक्यावर डबा, समोर सभा

कोल्हापुरात "दोन शब्द बोला" ही विनंती नसते, झडप असते. निवृत्तीचा समारंभ असो, तालमीच्या गणपतीची आरती असो, नाहीतर पतसंस्थेची वार्षिक सभा. सूत्रसंचालकाची नजर फिरत फिरत नेमकी मान खाली घालून बसलेल्यावर येऊन थांबते. या आपत्तीवर हल्ली व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा हेडसेट, हा इलाज निघालाय. डोक्याला डबा बांधायचा, डोळ्यांपुढं सभागृह उभं राहतं, खुर्च्यांवर माणसं बसतात, आणि आपण सुरू करायचं. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की हा माणूस कपाटाला "आदरणीय अध्यक्ष महोदय" म्हणतोय.

खोट्या माणसांची खरी भीती वाटेल का? वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन तऱ्हांचे आभासी श्रोते होते: एक ढिम्म, एक कौतुकानं ऐकणारे आणि एक जांभया देणारे, मधेच उठून जाणारे. समोर नुसती संगणकाची चित्रं आहेत हे पक्कं ठाऊक असूनही तिसऱ्या गटापुढं बोलणारे अस्वस्थ झाले, आणि त्यात एरवी बिनधास्त बोलणारेही होते. जांभया देणारे आणि उठून जाणारे आपल्याकडं फुकट मिळतात, ही गोष्ट वेगळी.

आता डबा चढवणं. मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम आहे. अर्धा किलो मटण पिशवीत हलकं वाटतं, कपाळावर लटकवलं की नाही. म्हणून पट्टा डोक्याच्या मागं, कवटी जिथं आत वळते तिथं खाली बसवायचा आणि भार मागं घ्यायचा. पुढून आवळला तर गालावर शिक्के उठतात आणि सत्काराच्या फोटोत ते दिसतात. अक्षरं पुसट दिसली तर डोळ्यांना दोष देऊ नका. भिंगांमधलं अंतर जुळलेलं नसतं, खालचं चाक फिरवा. चष्मा असेल तर भिंगं आणि काचा एकमेकींना घासणार नाहीत एवढं अंतर ठेवा. पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते. चेहऱ्याला लावण्याआधी थोडा वेळ डबा चालू ठेवला की ती कमी होते. आणि खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. भिंग ऊन गोळा करून आतला पडदा जाळतं. मग कितीही बोला, समोर कायमचा एक डाग श्रोता म्हणून बसणार.

जागा दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी हवी. आपल्याकडच्या वक्त्याला "शाहू महाराजांच्या या नगरीत" म्हणताना उजवा हात वर नेल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही. वर पंखा आहे का ते आधी बघा. डबा जमिनीवर हद्द आखून देतो, छताचं त्याला काही पडलेलं नसतं.

सगळ्यात मोठी फसगत कागदाची. खिशातली चिठ्ठी काढली तर ती आत दिसतच नाही! बाजूला दोनदा टिचकी मारून बाहेरचं बघायची सोय काही हेडसेटमध्ये असते, पण भाषणात दर मिनिटाला स्वतःच्या कानफटात टिचक्या मारणारा वक्ता शोभत नाही. पाच मुद्दे, प्रत्येकी तीन-चार शब्दांत, स्लाईडवर टाका. हेडसेटवर भाषणाचा सराव करून घेणाऱ्या बऱ्याच ॲपमध्ये स्वतःच्या स्लाईड घालता येतात. पाण्याचा तांब्याही दिसत नाही, तो लांबच ठेवा.

गरगरणं हे बहुतेक आपणच ओढवून घेतो. हातातल्या कंट्रोलरची काडी पुढं ढकलून मंचावर फिरलात की डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो उभा आहे, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. एका जागी उभं राहून बोला. पहिल्या बैठकी पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका.

माझं मत विचाराल तर खरं काम इथं सुरू होतं, आणि नेमकी इथंच लोक घाई करतात. थेट दोनशे माणसांचं सभागृह लावतात आणि मिनिटात डबा काढून सोफ्यावर बसतात. भीती टोकाला असताना पळालं की मेंदू एवढंच शिकतो, की पळाल्यावर बरं वाटतं. आधी रिकामं सभागृह, मग दहा माणसं, मग पन्नास. प्रत्येक पायरीवर तेच भाषण पुन्हा पुन्हा करायचं आणि छातीतली धडधड उतरली की मगच पुढं सरकायचं. कंटाळा यायला लागला, तर ती प्रगती समजावी.

ॲप शेवटी प्रगतिपुस्तक देतं, ते अर्धं वाचावं. नजर कुठं फिरली याचा नकाशा पुष्कळदा मानेच्या दिशेवरून काढलेला असतो, कारण स्वस्तातल्या हेडसेटमध्ये डोळ्यांचा माग घ्यायची सोय नसते. नुसती मान फिरवून त्यात पैकीच्या पैकी मिळवणारे आपल्याकडं निघणारच. सभागृहाचे तीन भाग धरा आणि एक वाक्य एकाच चेहऱ्याकडं बघून पुरं करा. मिनिटाला किती शब्द, याचे ठोकताळे इंग्रजीवरून घेतलेले असतात. ते मराठीला लावू नका. "म्हंजे", "काय हाय", "त्या निमित्तानं" मोजायला फोनवर रेकॉर्ड करा आणि वही घेऊन बसा. आकडा घरात सांगू नका.

आता मुख्य अडचण. डब्यातले श्रोते फार सज्जन असतात. कोटबीट घालून बसतात, मोबाईल वाजला तर ओशाळतात. इथं पुढच्या रांगेतला "हां, बोल की भावा, कार्यक्रमात हाय" असं मोठ्यानं सांगून निवांत बोलत राहतो, आणि वार्षिक सभेत तुम्ही तोंड उघडायच्या आधीच मागून "मंजूर, मंजूर" येतं. हा गोंधळ घरीच उभा करावा लागतो. भाषण करताना स्वयंपाकघरात ताटं आपटायला सांगा, कुकर लावा. घरातल्या एकाला मधेच खांद्यावर थाप मारून "साहेब, आवरा" म्हणायची नेमणूक द्या. हे काम कुणीही आनंदानं करतं.

हौस असेल तर ज्या सभागृहात बोलायचंय, समजा दसरा चौकातलं शाहू स्मारक, तिथल्या मंचावरून परवानगीनं ३६० अंशांचा, म्हणजे चारी बाजू टिपणारा, फोटो काढून आणा आणि डब्यात लावा. कॅमेरा आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा. खाली धरला तर खुर्च्या अंगावर येतात आणि आपण बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला आल्यासारखे बोलायला लागतो.

टाळ्यांचा सराव मात्र डबा चुकीचा देतो. आत टाळ्या भाषण संपल्यावर येतात. इकडं त्या मधेच, मागच्या रांगेतून, एका लयीत सुरू झाल्या आणि थांबेनात, तर खूश होऊन आणखी एक मुद्दा काढायचा नसतो. आयोजकांचे आभार मानायचे आणि जेवणाच्या रांगेत नंबर लावायचा.