डोळे झाकून घ्या, मालक!

सोलापुरात हार्ड डिस्क घ्यायची म्हटली की दुकानात जायच्या आधी घरी शोकसभा भरते. ज्याला विचारावं त्याच्या घरातली एक डिस्क गेलेली असते; ती कुठल्या कंपनीची होती, कुठल्या सणाला गेली आणि जाताना काय काय घेऊन गेली हे त्याला तोंडपाठ असतं. शेजारच्या अण्णांनी पहिल्या कंपनीवर फुली मारली. “घेऊ नका ओ ती. आमच्या पोराची सहा महिन्यांत गेली.” ऑफिसातल्या साहेबांनी दुसरी बाद केली. मेव्हण्याच्या साखरपुड्याचे सगळे फोटो तिनं गिळले होते. तिसरीबद्दल आमच्या दूधवाल्याचं मत वाईट निघालं. गोठ्यात सीसीटीव्ही बसवल्यापासून तो या विषयातला जाणकार झालाय. आता अडचण अशी, की कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात उरल्यात तीनच. दूधवाल्यानं गाडीला किक मारली तेव्हा माझ्यापुढे एकही पर्याय शिल्लक नव्हता.

मुळात मला एवढी जागा लागते कशाला, हा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून निघतोच. तर आमच्या अख्ख्या भावकीचं शूटिंग माझ्याकडे असतं. लग्नं, बारशी, पंचाहत्तऱ्या, आणि दर जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता, शोभेचं दारूकाम, सातही नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची मिरवणूक, यातलं मी काही सोडत नाही. पूर्वी हे सगळं गुपचूप मावायचं. पोरानं 4के वाला फोन घेऊन दिला आणि एकेक मिनिट साडेतीनशे एमबीच्या आसपास खाऊ लागलं. नंदीध्वज काही पळत येत नाहीत. ते त्यांच्या चालीनं येतात, आणि मी रेकॉर्डिंग चालू ठेवतो.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत असतो. सोलापूरच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी पुण्यात असतं आणि घरचा कॉम्प्युटर तिथनं चालवतं. “मामा, सरळ एसएसडी घ्या,” तो म्हणाला. एसएसडी म्हणजे फिरत्या चकत्या नसलेली, चिपांवरची वेगवान डिस्क. मला हव्या असलेल्या 8 टीबीची, म्हणजे आठ हजार जीबीची, एसएसडी कितीला पडते ते त्यानं सांगितल्यावर मी नुसता हुंकार दिला. त्याला तो समजला. “बरं, मग हार्ड डिस्कच घ्या. पण सीएमआर घ्या. एसएमआर घेऊ नका.”

हे प्रकरण काय आहे ते त्यानं अर्धा तास समजावलं, आणि ते खरोखर समजून घेण्यासारखं आहे. डिस्कच्या आत चकत्या फिरतात आणि त्यांवर माहितीच्या गोल गोल रेघा असतात. सीएमआरमध्ये या रेघा शेजारी शेजारी, एकमेकींना धक्का न लावता असतात. एसएमआरमध्ये जागा वाचवायला त्या कौलांसारख्या एकीवर एक चढवतात. मधली एक रेघ बदलायची झाली की तिच्यावर चढलेल्या पुढच्या रेघाही उचकटून पुन्हा लिहाव्या लागतात. त्यामुळे मोठं काम दिलं की डिस्क सुरुवातीला झपाझप चालते आणि मग मध्येच बसकण मारते. (आमच्या गल्लीत जुनी घरं सगळी धाब्याची. कौलं बघायला मी कोकणात गेलो होतो, पण मुद्दा लक्षात आला.)

“मग हे खोक्यावर लिहिलेलं असतं का?”

“नसतं.”

पुढची हकीगत ऐकून मला कंपन्यांबद्दल एक प्रकारचा आदरच वाटला. काही मॉडेलांत ही कौलं कुणाला न सांगता चढवली होती आणि 2020 मध्ये गिऱ्हाइकांनीच ते शोधून काढलं. बोंबाबोंब झाल्यावर कंपन्यांनी कुठलं मॉडेल कसलं याच्या याद्या जाहीर केल्या. तेव्हा आता दुकानात जाऊन लेबलावरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा आणि यादीशी जुळवायचा. एका अक्षराच्या फरकानं कौल निघू शकतं.

विश्वासाचं काय, हा प्रश्न तरीही उरलाच. रात्री बसून मी त्याचेही आकडे काढले. अमेरिकेत बॅकब्लेझ नावाची एक कंपनी आहे. लोकांचा डेटा सांभाळायचा तिचा धंदा, म्हणून तिच्याकडे लाखांवर डिस्क अहोरात्र फिरत असतात. कुठल्या मॉडेलच्या किती मेल्या याची नोंद ती 2013 पासून ठेवते आणि सगळ्या जगाला दाखवते. 2021 ते 2024 या काळात वर्षाला शंभरातल्या एक ते पावणेदोन डिस्क गेल्या. त्यातही एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं चालतं आणि दुसरं पटापट माना टाकतं. कंपनीच्या नावावर फुली मारण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. सकाळी मी हे सगळं अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अमेरिकेत लाइट जाते का?” त्यांनी विचारलं.

“फारशी नाही.”

“मग?”

अण्णांना शंभरातल्या नव्व्याण्णव डिस्कशी कर्तव्य नव्हतं. त्यांच्या पोराची एकच होती आणि ती गेली. त्यांच्या घरात प्रमाण शंभर टक्के. वादात मला पुढे काही सुचलं नाही आणि मी नवी पेठेचा रस्ता धरला. मे महिना होता. त्या महिन्यात दुपारी बारानंतर सोलापुरात घराबाहेर पडणाऱ्या माणसाला दुकानदार दुरूनच ओळखतो: हा घेतल्याशिवाय परत जाणार नाही.

“या, मालक.”

सोलापुरात दुकानदार गिऱ्हाइकाला मालक म्हणतो आणि मग मालकाला काय पाहिजे ते स्वतः ठरवतो. मी तोंड उघडायच्या आत त्यानं काउंटरवर जांभळ्या लेबलाची डिस्क ठेवली. एका कंपनीनं आपल्या डिस्कना रंग वाटून दिलेत. साध्या कामाला निळी, नेटवर्कवर सतत चालणाऱ्या पेट्यांना लाल, सीसीटीव्हीला जांभळी. सध्या गावात दर दोन दुकानांमागं एक कॅमेरा आहे, त्यामुळे जांभळीचा खप दांडगा.

“ही कॅमेऱ्याची आहे ना?” मी म्हणालो.

“मालक, ही चोवीस तास चालते. तुमची चालणार दोन तास. आता तुम्हीच हिशोब करा, किती वर्षं टिकंल.”

हिशोब सुबक होता. पण कॅमेऱ्याच्या डिस्कचा पिंडच वेगळा. तिचं सगळं लक्ष न थांबता लिहीत राहण्याकडे. कॅमेऱ्याच्या चित्रातली एखादी चौकट निसटली तर तिच्यासाठी अडून बसण्यापेक्षा पुढचं लिहिलेलं बरं, अशा बेतानं ती बनवलेली असते. साध्या कॉम्प्युटरलाही ती चालते, नाही असं नाही. मला मात्र नंदीध्वजाची एकही चौकट निसटलेली नको होती. हे मी दुकानदाराला याच शब्दांत सांगितलं. सिद्धेश्वराचं नाव निघाल्यावर त्यानं जांभळी मुकाट्यानं आत ठेवली आणि लाल काढली.

लाल डिस्कच्या माहितीपत्रात एक आकडा होता. दोन बिघाडांमधला सरासरी काळ: 10 लाख तास. मी मोबाइलवर भागाकार केला. 114 वर्षं.

“आणि वॉरंटी?”

“तीन वर्षं.”

“उरलेली 111?”

“मालक, तेवढं कोण बघायला येणार आहे?”

या 10 लाख तासांचा अर्थ भाच्यानं मला नंतर सांगितला. हजार डिस्क एकदम चालवल्या तर त्यांतली एक साधारण दर हजार तासांनी जाईल, एवढंच कंपनीचं म्हणणं असतं. म्हणजे ज्यानं हजार डिस्क घेतल्या त्याच्याकडे दर दीड महिन्याला एक तिरडी उठणार, आणि ज्यानं एक घेतली त्यानं आपण त्या हजारांतले कितवे हे ओळखायचं. आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते. मेव्हण्याचा साखरपुडा बदलून मिळत नाही.

चंदेरी प्लॅस्टिकच्या पिशवीतली ती डिस्क मी हातात घेतली. विटेच्या तुकड्याएवढी, चांगली जड आणि थंडगार. त्या दुकानात तेवढीच एक वस्तू थंड होती. मोबाइलचा टॉर्च लावून लेबल वाचायला घेतलं. मॉडेल नंबर यादीशी जुळवला, कौलं नव्हती. उत्पादनाचा महिना पाहिला. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातलीच आहे ना ते पाहिलं. वापरलेल्या डिस्कचे चाललेले तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकण्याचेही प्रकार होतात, म्हणून बाजूच्या स्क्रूच्या भोकांत ओरखडे आहेत का तेही न्याहाळलं. एवढ्या वेळात दुकानदारानं दोन माउस, एक की-बोर्ड आणि एक प्रिंटरची शाई विकली होती.

“मालक, पोरगी बघायला आल्यासारखं काय बघालाव? डोळे झाकून घ्या!”

घेतली. डोळे उघडे ठेवून घेतली, पैसे देताना मात्र झाकले.

घरी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडायचं तर आधी त्याच्यावरचा टॉवेल काढावा लागला. टॉवेल अस्सल सोलापुरी आणि दणकट. धूळ बसू नये म्हणून तो आमच्या हिनं कॅबिनेटवर पांघरलेला. आत हवा जायला जागाच नाही. बाहेर 43 अंश, आत जुनी डिस्क टर्किशमध्ये गुंडाळलेली. अशा डिस्क साधारण 60 अंशांपर्यंत काम करतात असं कंपन्या सांगतात. मी तापमान बघायचा प्रोग्रॅम लावला. टॉवेलसकट आकडा पन्नाशीच्या वर आणि पिवळा, टॉवेल काढल्यावर हळूहळू निळा. इतक्या वर्षांत ती डिस्क गेली नाही याचं कौतुक मी हिला ऐकवलं. “मग धूळ काय तुमचा भाचा येऊन पुसणारे?” ही म्हणाली. टॉवेल आता कॉम्प्युटर बंद असतानाच घालायचा, यावर तह झाला.

डिस्क बसवली, स्क्रू आवळले, भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर आकडा आला: 7.27 टीबी. हिनं पावती काढली. पावतीवर 8 होते.

“बाकीची कुठं गेली?”

“कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज 1024 नं,” भाच्यानं पुण्यातून खुलासा केला.

“म्हणजे माप मारलंय,” ही म्हणाली. मंगळवार बाजारात भाजी घेताना तिच्यासमोर पाच ग्रॅम इकडचे तिकडे करायची कुणाची टाप नाही. इथे पाऊण टीबीच्या आसपास गायब होतं आणि भाचा हसत होता. त्यानंतर त्यानं मला कुठलं तरी बटण दाबायला लावलं आणि वापरायला जागा उरली फक्त 2 टीबी. बाकीच्या जागेवर काळी पट्टी. आता मात्र हिनं पदर खोचला. “मामा, चुकून जुनी पद्धत निवडली आपण,” भाचा म्हणाला. डिस्कची जागा आखायच्या एमबीआर नावाच्या जुन्या पद्धतीला 2 टीबीच्या पुढे मोजताच येत नाही, त्याहून मोठ्या डिस्कला जीपीटी लागते. ‘आपण’ हा त्याचा खास शब्द. बरोबर असलं की तो ‘मी’ म्हणतो. जीपीटी केल्यावर जागा परत आली, हिचा पदरही जागेवर आला, आणि जुन्या डिस्कवरनं नव्या डिस्कवर फाइली जायला लागल्या. बारीकशी किर्रर्र ऐकत मी शेजारी बसून राहिलो.

“एवढं सगळं केलंत,” ही चहा ठेवत म्हणाली, “पण ही बंद पडली तर?”

अण्णा, साहेब, दूधवाला, भाचा, दुकानदार, एवढी तज्ज्ञ मंडळी मी पालथी घातली होती. हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. मी भाच्याकडे पाहिलं, भाच्यानं स्क्रीनमधून माझ्याकडे पाहिलं. “तिचं बरोबर आहे, मामा,” तो म्हणाला. “डेटाच्या तीन प्रती पाहिजेत, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर.” दोन दिवस आधी हे सांगितलं असतं तर माझा मॉडेल नंबरांचा अभ्यास वाचला असता. दोन बऱ्या डिस्क कुठल्याही कंपनीच्या असल्या तरी त्या एका निवडक डिस्कपेक्षा भरवशाच्या. दोन्ही एकदम जायच्या म्हणजे मोठाच योग लागतो.

घराबाहेरच्या प्रतीसाठी बार्शीची ताई बरी वाटली. एक यूएसबीची डिस्क भरली, बबल रॅपमध्ये गुंडाळली, शेंगाचटणीच्या पिशवीत घालून एसटीनं निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. ताईला बजावलं, हे कपाटात ठेव, विसरून जा, कुणाला देऊ नको.

रविवारी ताईचा फोन आला.

“अरे, ती तुझी डबी आहे ना, यांनी टीव्हीला लावली. म्हणाले, गड्डा बघू जरा. तर टीव्ही विचारतोय, फॉरमॅट करू का, आतलं सगळं पुसलं जाईल म्हणून. हे म्हणतात, त्याला एकदा विचारून घे.”

“ताई,” मी म्हणालो, “दाजींना म्हणावं, आधी रिमोट खाली ठेवा.”