मॉरिशसचं गुलाबी कबुतर आणि दादरचे दाणे

दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्री टाकून बंद झाला, तेव्हापासून सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मॉरिशसने दाणे घालून आपलं कबुतर वाचवलं आणि मुंबईत दाणे घालणाऱ्याला दंड!’ सोबत गुलाबी कबुतराचा देखणा फोटो. फोटोबद्दल तक्रार नाही. आरोग्याचा वाद कोर्टात आहे, त्यातही शिरत नाही. पण मॉरिशसच्या नावावर जे खपवलं जातंय, ते तपासायला हवं.

‘दाणे घालून वाचवलं.’ १९९० च्या सुमारास रानात जेमतेम १० गुलाबी कबुतरं उरली होती, आज ५०० च्या आसपास आहेत. पण त्याआधीच, १९७० च्या दशकात, काही पक्षी धरून पिंजऱ्यात त्यांची वीण सुरू झाली होती. १९८७ पासून त्यांतले पक्षी रानात सोडले गेले. घरट्यांवर पहारे बसले, उंदीर, मांजरं, मुंगसं सापळ्यात धरून मारली गेली, माजलेलं चिनी पेरूचं रान उपटलं गेलं. दाणे घालतात ते नाइलाजाने, कारण बेटावर मूळचं चांगलं जंगल २ टक्केही राहिलेलं नाही. पाखराने खायचं काय? आणि त्या दाण्यांचीही किंमत मोजावी लागते. बाहेरून आणलेले होले तिथेच चरायला येतात, ट्रायकोमोनास नावाचा परजीवी पसरतो आणि घरट्यातली पिल्लं दगावतात. म्हणजे दाण्याभोवतीची गर्दी ही तिथल्या लोकांची डोकेदुखी आहे. आपण तिलाच आदर्श म्हणतोय.

‘कबुतर ते कबुतर, जीव सारखाच.’ गुलाबी कबुतर मॉरिशसबाहेर कुठल्याच रानात नाही. आपला पारवा अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आहे आणि त्याला वाचवायची वेळ आलेली नाही. एसीच्या मागे जागा दिसली की संसार थाटतो.

‘भूतदया मॉरिशसकडून शिका.’ जरूर. तिथे उंदरांवर उपाय म्हणून १९०० साली भारतातून मुंगूस नेलं, ते पक्ष्यांवरच उलटलं. आपली साळुंकी आणि आपला पोपट, दोघंही तिथे उपरे. त्या पोपटाचा तिथल्या दुर्मीळ एको पोपटाशी ढोल्यांवरून झगडा असतो. मॉरिशसची भूतदया उंदराच्या सापळ्यापासून सुरू होते. मेसेज पुढे ढकलणाऱ्या मंडळींना ती झेपेल असं वाटत नाही.

बेटावरच्या पाखरांचा खरंच कळवळा असेल, तर अंदमानातलं नारकोंडम बेट आपलंच आहे. क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस किलोमीटर; नारकोंडम धनेश जगात फक्त तिथेच. त्याला वड-उंबरांच्या जातीची फळं आणि ढोली असलेले जुने, थोराड वृक्ष लागतात. पोलिसांच्या ठाण्याबरोबर आलेल्या शेळ्या रोपंच खाऊन टाकायच्या, म्हणून त्या बेटावरून हलवाव्या लागल्या. त्याच बेटावर उभारायच्या तटरक्षक दलाच्या रडारला पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नकार दिला आणि २०१४ मध्ये परवानगी. तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणी एक ओळही टाकली नव्हती.