ताटातलं बेअरिंग

आमच्या पद्मिनीला आवाज करायचा हक्क आहे, हे घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. 1986 सालची गाडी, बाबांनी नंबर लावून घेतलेली. दारं कुरकुरतात, काच खाली घेताना किंचाळते, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर पडताना खोकतो. पण यंदा एक नवाच सूर लागला. चाळिसाच्या वर गेलं की कुणीतरी तानपुरा घेऊन बसल्यासारखं घूंऽऽ. डावीकडे वळलं की वाढायचं, उजवीकडे वळलं की गप्प. वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं, म्हणजे गुन्हेगार पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग, असं निदान मी केलं. ते बरोबर निघालं हेच वाईट झालं. कारण मग उपचारही आपणच करावेत असं वाटायला लागलं.

तसा इलाजही नव्हता. आमचे जुने उस्ताद गावी गेले ते परत आले नाहीत. नव्या गॅरेजमधला पोरगा डॅशबोर्डखाली पाच मिनिटं वाकून स्कॅनर लावायला जागा शोधत होता. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली आणि त्या काळ्यापिवळ्यांच्या जिवावर जगणारे फिटर नि सुटे भागही हळूहळू दिसेनासे झाले.

नाना पेठेतल्या दुकानदाराने मात्र मी नेलेला एक जुना सुटा सील (बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून बसवायची रबरी ओठाची चकती) हातात घेतला, व्हर्नियर लावला, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असं पुटपुटत माळ्यावरून डबा काढला.

"चार देऊ?"

"पुढची चाकं दोनच आहेत," मी म्हणालो.

"स्वतः बसवणार ना? मग चार न्या."

मी पुणेकर. दोनच घेतले.

रविवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले. चाक निघालं. ड्रम निघेना. आतले ब्रेकचे लायनर सैल केले, मग निघाला. टोपी, स्प्लिट पिन, खाचांचा नट, वॉशर आणि पाठोपाठ बाहेरचं बेअरिंग आपणहून हातात आलं. इतकं सोपं काही असलं की मला संशय यायला हवा होता. आतलं बेअरिंग सीलच्या मागे लपलेलं असतं. सील उचकटून काढला; त्याचा रबरी ओठ पापडासारखा कडक झालेला आणि तिथून ग्रीस झिरपून लायनरवर गेलेलं. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला का ओढते, ते कोडंही सुटलं. ('रस्त्याला उतार आहे' असं मी चार महिने सांगत होतो.)

आतलं बेअरिंग खरखरत होतं. त्याच्या जागी नवी जोडी आणलेली होती. बाहेरचं धुऊन चालणार होतं. धुवायला रॉकेल हवं, तर रॉकेल आता औषधालाही मिळत नाही. पंपावर बाटलीत डिझेल देईनात. शेवटी शेजारच्या टेम्पोवाल्याने त्याच्या कॅनमधलं ओतून दिलं. भांडं म्हणून मी ओट्यावरचं एक स्टीलचं ताट उचललं.

आता ग्रीस भरणं. हे बोटाने लिंपून होत नाही, बाहेरून नुसतं माखल्यासारखं दिसतं आणि आत रोलर उपाशी. डाव्या तळहातावर लाल ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत, ओढत राहायचं. वरच्या बाजूने रोलरांच्या फटीतून ग्रीस बाहेर आलं की थोडं फिरवून पुन्हा. माझं काही येईना. आई व्हरांड्यातून बघत होती.

"अरे, चोळतोयस काय? दाब. सोऱ्यातून शेव पाडतोस तसं."

दाबलं. फटीफटीतून लाल शेव पडायला लागली. आयुष्यात इतकं समाधान मला कुठल्याच पगारवाढीने दिलेलं नाही. दोन्ही बेअरिंगं भरून ताटात ठेवली, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतही ग्रीस लावलं. मग नवा सील घेतला, ओठ आतल्या बाजूला आहे ना हे तीनदा पाहिलं, वर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने चहूकडून सारखं ठोकत तो एका पातळीत बसवला. एक सुरकुती नाही. कौतुकासाठी आईकडे पाहिलं.

ती ताटाकडे पाहत होती. "आणि हे मोठं कुठे लावायचं?"

ते सीलच्या आधी आत जायचं होतं.

बसवलेला सील अखंड निघत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने त्याचा घास घेतला, दुसरा बसवला, आधी बेअरिंग ठेवून. नट चाक फिरवत आवळला, मग किंचित सैल करून खाच नि भोक जुळवलं, नवी पिन घातली. घट्ट राहिला तर बेअरिंग तापतं, सैल राहिला तर चाक डुलतं. हाताने चाक फिरवलं. आवाज नाही.

डाव्या चाकाचा सील आणायला सोमवारी नाना पेठेत गेलो. दुकानदाराने काही विचारलं नाही. माझी नखं पाहिली आणि दोन सील पुढे सरकवले.

घरी ते ताट तीनदा साबणाने, दोनदा राखेने घासून झालं आहे. डिझेलचा वास जात नाही. काठावर आईचं नाव आणि 'मामाकडून सप्रेम भेट' असं कोरलेलं आहे. मी त्यातच जेवतो. दुसरं ताट मिळत नाही.