‘कोकणात सर्व्हर टिकत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यापासून एक मजकूर आमच्या बागायतदारांच्या, लॉजवाल्यांच्या आणि वाचनालयाच्या अशा तिन्ही ग्रुपवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली नुसतं ‘जनहितार्थ’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात स्वतःचा सर्व्हर ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. लाइट गेली की डेटा मेला. खारी हवा एका पावसात मशीन खाते. फ्रीबीएसडी वगैरे मेलेल्या ऑपरेटिंग सिस्टिम, जगात कोणी वापरत नाही. बिघडलं तर दुरुस्तीला माणूस मुंबईहून आणावा लागेल. त्यापेक्षा सगळं क्लाउडवर, म्हणजे कंपन्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर टाका, तो स्वस्त पडतो आणि कधीच बंद पडत नाही.

देवगडजवळ आमच्या जुन्या माजघराच्या कोपऱ्यात २०१७ पासून फ्रीबीएसडीवर चालणारं एक छोटं मशीन आहे. बागेचा हिशेब, चुलतभावाच्या लॉजचं बुकिंग आणि गावच्या वाचनालयाची पुस्तकांची यादी, एवढा त्याचा संसार. त्यामुळे हा मजकूर मला पंधरावीस जणांनी तरी पाठवला, त्यातल्या निम्म्यांनी ‘तुझ्यासाठीच आहे’ अशी पुरवणी जोडून. म्हणून हे उत्तर.

‘मेलेली सिस्टिम’ हा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण त्यात फारसं काही नाही. बीएसडी (फ्रीबीएसडी ज्या घराण्यातली ते) मरायला टेकली आहे हा विनोद इंटरनेटवर पंचवीस वर्षं तरी चालू आहे. फ्रीबीएसडीचं काम १९९३ मध्ये सुरू झालं, तिची १४.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. नेटफ्लिक्सचे चित्रपट ज्या पेट्यांतून घरोघरी जातात त्या फ्रीबीएसडीवर चालतात. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम तिच्यावरच बेतलेली. जगभरचे लिनक्सवाले ज्या ओपनएसएसएचमधून आपापल्या सर्व्हरवर शिरतात ते याच घराण्यातल्या ओपनबीएसडीच्या मंडळींनी १९९९ मध्ये काढलेलं. आणि गंमत म्हणजे, हा मजकूर ज्या व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतोय त्याने २०१२ मध्ये एकेका फ्रीबीएसडी सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त जोडण्या एका वेळी पेलून दाखवल्या होत्या. पुढे ते दुसरीकडे गेले, ते सोडा. मेलेल्या गाईने एवढं दूध दिलं तर आमची काय तक्रार?

आता लाइट. हा मुद्दा खरा आहे, म्हणून त्यावर जरा वेळ घालवतो.

आमच्याकडे लाइट जाते. वळवाच्या पहिल्या सरीला जाते, डीपीवर फांदी पडली की जाते, आणि कधी कधी काहीच नसताना जाते. पण लाइट गेली म्हणून डेटा मरतोच असं नाही. तो कसा लिहिला जातो यावर ते अवलंबून आहे. माझ्या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत, दोन्हींवर तोच डेटा, आणि वर झेडएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर काय कसं लिहायचं ते ठरवणारी. तिची रीत सातबाऱ्याच्या फेरफारासारखी समजा. जुना उतारा खोडून त्याच कागदावर नवा लिहायचा नाही. नवा वेगळ्या कागदावर पूर्ण लिहायचा, सही-शिक्का झाला की मग जुना रद्द. मधेच लाइट गेली तर जुना उतारा जसाच्या तसा हातात. ही सही साधारण दर पाच सेकंदांनी होते, म्हणजे गेलं तर शेवटच्या काही सेकंदांचं काम जाईल. हिशेबाचा डेटाबेस ‘आत्ताच्या आत्ता लिही’ असं बजावून जे लिहितो, ते त्यासाठी असलेल्या वेगळ्या नोंदवहीत आधी उतरतं आणि वाचतं. स्वस्तातल्या काही एसएसडी मात्र ‘लिहिलं’ म्हणून खोटं सांगतात आणि लिहिलेलं नसतं. तिथे झेडएफएसही काही करू शकत नाही. डिस्क घेताना पैसे वाचवू नका.

आठ वर्षांत लाइट जाऊन माझी एकही नोंद हरवली नाही. लाइट जाऊन मशीन मात्र एकदा असं बिघडलं, की अर्धा दिवस मी डोकं धरून बसलो. तो बिघाड त्या मजकुरात कुठेच नाही, आणि नेमका तोच सांगण्यासारखा आहे.

१६ मे २०२१. तौक्ते वादळ आमचा किनारा घासत वर गेलं. शेवटच्या तोडीचा आंबा जमिनीवर, आणि लाइट गेली ती आमच्या वाडीत नवव्या दिवशी आली. यूपीएसने आपलं काम चोख केलं होतं: बॅटरी संपत आली तसं मशीन स्वतःहून नीट बंद झालं. लाइट आल्यावर तसंच स्वतःहून सुरूही झालं. घरातल्या मोबाइलवर हिशेब उघडला. सगळं ठीक.

दोन दिवसांनी इंटरनेट आलं, आणि मशीनला बाहेरचं काहीच दिसेना. पत्त्याचे आकडे टाकून पिंग केलं, म्हणजे बाहेरच्या मशीनला हाक मारली, तर जातंय. नाव टाकलं तर ‘सर्व्हफेल’. म्हणजे केबल ठीक, नाव शोधणारा (नावावरून आकड्यांचा पत्ता काढणारा प्रोग्राम) अडकलाय. मी राउटर बदलला. फायरवॉलचे नियम वाचले, पुन्हा वाचले. नाव शोधणारा अनबाउंड तीनदा उठवला-बसवला. तेवढ्यात चुलतभाऊ मोबाइल घेऊन आला: “दादा, कालच्या पेट्या खाली कशा गेल्या? यादीत सगळ्यात तळाला दिसतायत.” बघतो तर आदल्या दिवशीची नोंद १ जानेवारी २००९ ची.

मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मेला होता. एरवी मशीनला लाइट असते, घड्याळ चालतं, सेल मेल्याचं कळतच नाही. नऊ दिवसांच्या अंधारात घड्याळ मागे जाऊन २००९ मध्ये उभं राहिलं. पुढची साखळी अशी: अनबाउंड प्रत्येक नावाच्या उत्तरावरची सही तपासतो. सहीवर तारीख असते. २००९ मध्ये उभं राहून पाहिलं तर २०२१ ची प्रत्येक सही भविष्यातली, म्हणून खोटी. सबब एकही नाव सापडत नाही. घड्याळ दुरुस्त करणारा एनटीपीडी वेळ सांगणारे आपले सर्व्हर नावानेच शोधतो, म्हणून तोही अडकलेला. आणि समजा नाव सापडलं असतं, तरी मूळच्या मांडणीत एनटीपीडी हजार सेकंदांहून जास्त फरक दिसला की घड्याळाला हात न लावता बाजूला होतो. नावासाठी वेळ हवी, वेळेसाठी नाव हवं.

इलाज एका ओळीचा होता: डेट आज्ञेने तारीख हाताने घातली आणि दोन मिनिटांत सगळं जागेवर आलं. मग तीन कामं कायमची केली. सुरू होताना फरक कितीही असला तरी एकदा घड्याळ ओढून घ्यावं, अशी एनटीपीडीसाठीची ओळ आरसी डॉट कॉन्फ या मांडणीच्या फाइलीत टाकली. वेळेचा एक सर्व्हर नावाऐवजी आकड्यांच्या पत्त्याने लिहिला. आणि सेल आता मी दर पाडव्याला बदलतो, जिवंत असला तरी.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण ‘लाइट गेली, डेटा मेला’ हे वाक्य खऱ्या बिघाडाकडे बघूच देत नाही. डेटा जागेवर होता, दगा दिला एका सेलने. आणि तो सापडला कारण साखळीतला प्रत्येक दुवा उघडून बघता येत होता.

खारी हवा. खाते, नाही म्हणत नाही. समुद्राकडच्या खिडकीच्या गजांकडे बघितलं तरी कळेल. पण ती एका पावसात मशीन खात नाही, आणि जे आधी खाते ते मशीन नसतंच, जोडण्या असतात. एका श्रावणात दोनपैकी एका डिस्कच्या नावापुढे झेडएफएसच्या ‘झेडपूल स्टेटस’ या अहवालात रीड आणि राइटच्या रकान्यांत चुकांचे आकडे चढायला लागले. मजकूरवाल्याने तिथेच नवी डिस्क मागवली असती. मी स्मार्टसीटीएल लावून डिस्कची स्वतःची कुंडली काढली. पाच क्रमांकाचा रकाना, म्हणजे खराब होऊन बदलावे लागलेले सेक्टर: शून्य. एकशे नव्व्याण्णव क्रमांकाचा रकाना, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला डेटा: चढता. म्हणजे डिस्क निरोगी, वाट खराब. ती वाट म्हणजे साटा केबल; ती काढून उजेडात धरली तर टोकाच्या पट्ट्यांवर हिरवट पुटं, कल्हई उडालेल्या पितळेवर चढतं तसलं. केबल बदलली, आकडे पुसले, स्क्रब, म्हणजे सगळा डेटा तपासणारी फेरी, लावला. डिस्क आजही तीच आहे.

बाकी घरगुती उपाय सगळ्यांना ठाऊक आहेतच: मशीन पंख्याविना चालणारं घ्या, म्हणजे खारट धूळ आत ओढली जाणार नाही; रॅमच्या पट्ट्या वर्षातून एकदा खोडरबरने हलक्या हाताने पुसा; स्विचमध्ये मुंग्या घर करतात, तिकडे लक्ष असू द्या. आणि पावसाळ्यात मशीन बंद ठेवू नका. चालू मशीन आसपासच्या हवेपेक्षा थोडं गरम असतं, त्यामुळे आत ओल धरत नाही. ‘वापरत नाही तर बंद करून झाकून ठेवू’ म्हणणाऱ्यांचीच मशीन मी गणपतीनंतर उघडलेली आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

माणूस मिळत नाही, हा पुढचा मुद्दा. याचं उत्तर माझ्याच गाढवपणातून देतो. मी कामासाठी पुण्याला होतो आणि तिथून मशीनवर शिरून आरसी डॉट कॉन्फमध्ये एक ओळ बदलली. शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं. ही फाइल मशीन सुरू होताना वाचली जाते, त्यामुळे चूक करायची मंगळवारी आणि कळायची शनिवारी, लाइट जाऊन आल्यावर. शनिवारी बारावीतल्या पुतण्याचा फोन: “काका, स्क्रीनार कायतरी इंग्लिशीत इलाहा. रिटर्न दाबूक सांगता. दाबू?”

त्याला वरच्या ओळी वाचायला सांगितल्या. अडखळत वाचलं: अनटर्मिनेटेड कोटेड स्ट्रिंग, आणि शेजारी फाइलचं नाव. फाइल कोणती आणि दुखणं कसलं, दोन्ही मशीननेच सांगितलं. रिटर्न दाबला की सिंगल युझरमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या सुरू झालेल्या मशीनमध्ये जातो. तिथे डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. ती आधी लिहिण्याजोगी करून घ्यायची. मग ईई हा साधा एडिटर उघडून चिन्ह टाकायचं. व्हीआय हा बाहेर पडायला अवघड एडिटर मुद्दाम टाळला, नाहीतर पोरगा अजून त्यातच असता. वीस मिनिटांत मशीन उभं. मुंबईहून कोणी आलं नाही. त्यानंतर मी त्या फाइलला हाताने शिवत नाही, सिसआरसी या आज्ञेकडून ओळ बदलून घेतो; ते अवतरणचिन्ह विसरत नाही.

यात फ्रीबीएसडीचा वाटा एवढाच, की कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि सोबतची अवजारं एकाच घरात बनतात, सुरू होतानाच्या बहुतेक गोष्टी त्या एका फाइलीत असतात, आणि मॅन पानं (सिस्टिमसोबतची माहितीची पानं) खरोखर वाचण्यासाठी लिहिलेली असतात. लिनक्सवाल्यांनी रागावू नये; बायकोच्या लॅपटॉपवर लिनक्सच आहे आणि मला ते आवडतं.

राहिला क्लाउड. स्वस्त म्हणाल तर माझं मशीन वीस वॉट खातं. वर्षाचे झाले साधारण १७५ युनिट, दहा रुपये युनिट धरलं तरी पावणेदोन हजार. बंद न पडण्याचं म्हणाल तर ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून सहाएक तास गायब होते. त्याच वर्षी १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळलं. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती ते हात चोळत बसले. आणि हायवेच्या कामावरचा जेसीबी केबल तोडतो तेव्हा क्लाउड कितीही चालू असला तरी आमच्यासाठी बंदच. त्या दिवशी माजघरातला हिशेब घरच्या वायफायवर निमूट चालू असतो.

तरी क्लाउडला नावं ठेवत नाही, थोडासा मीही घेतला आहे. घरगुती जोडणीला बऱ्याचदा स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळतच नाही, शंभर घरं एका पत्त्यामागे दडलेली असतात. त्यासाठी भाड्याचा एक लहानसा सर्व्हर घेतलाय. घरचं मशीन वायरगार्डच्या बोगद्यातून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खाजगी वाटेने, त्याला जोडलेलं असतं, लॉजच्या गिऱ्हाइकाला दार तिकडचं दिसतं. वायरगार्ड फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये १३.२ पासून आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. आणि रोज रात्री सगळ्याची कुलूपबंद प्रत पुण्याला बहिणीकडे जाते. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. कौलं उडून माजघरात पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच जातील.

एका बाबतीत मात्र मी सपशेल हरलोय. २०१९ मध्ये वाचनालयाचा मेल घरूनच चालवून पाहिला. सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. पत्रं जायची आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन बसायची, कारण घरगुती जोडणीच्या पत्त्यावर मोठे मेलवाले भरवसाच ठेवत नाहीत. वर्गणीची आठवण कोणालाच मिळेना. तीन महिन्यांनी गुमान पैसे भरून मेल बाहेर नेला. तेवढा मुद्दा त्या मजकुरात असता तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.