मुलांच्या कार्यक्रमातली वर्षे वाया गेली नव्हती

ब्रिटिश अभिनेते डेरेक ग्रिफिथ्स यांच्यावरील लेख आवडला, मात्र बीबीसीवरील ‘प्ले स्कूल’ या लहान मुलांच्या कार्यक्रमात त्यांनी निवेदक म्हणून घालवलेली वर्षे म्हणजे ‘खऱ्या’ अभिनयाआधीचे पोटापाण्याचे काम, हा लेखातला सूर पटला नाही. 1964 मध्ये बीबीसी-2 वाहिनीचा उद्घाटनाचा कार्यक्रम लंडनमधील वीज गेल्याने बारगळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाहिनीवर पहिला पूर्ण कार्यक्रम झाला तो हाच, हे जाता जाता नमूद करतो. गोल, चौकोनी आणि कमानीची खिडकी, हम्प्टी व टेडीसारखी चार-दोन खेळणी आणि एक पियानो एवढ्या सामग्रीवर निवेदकाला कॅमेऱ्याकडे पाहत जणू समोर एकच मूल बसले आहे अशा रीतीने बोलावे लागे. त्यात गाणे, मूकाभिनय, गोष्ट सांगणे सारे आले. ग्रिफिथ्स यांचा मूकाभिनय तर विलक्षण लवचीक होता, शिवाय ‘बॉड’ या व्यंगपटमालिकेचे संगीतही त्यांचेच.

हीच तयारी 1997 मध्ये लंडनच्या डोमिनियन नाट्यगृहातील ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या संगीतनाटकात कामी आली. त्यांनी साकारलेल्या ल्युमिएरच्या, म्हणजे शापाने मेणबत्तीदान झालेल्या सेवकाच्या, पंजांच्या जागी मेणबत्त्या असतात. म्हणजे नटाची बोटेच काढून घेतलेली, आणि उरलेल्या देहाने गायचे, नाचायचे, हसवायचे. पुढे ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ या नाटकात अभिनेत्री शियान फिलिप्स यांच्यासमोर त्यांनी वृद्ध चालक होक रंगवला. त्या भूमिकेवर लेखात एकच ओळ यावी, ही उणीव मला अधिक खटकली.